बशीभर सेविया

स्पेनहून आल्यापासून उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत मला सारखं विचारतात, "काय काय पाहिलं?" मी सांगते, राजवाडा पाहिला, मोठं चर्च पाहिलं, नदी पाहिली. ऐकणारी मान डोलावते आणि विषय संपतो. शेजारच्या नंदाताईंचा तर असा समज झालाय की आम्ही शेवया नावाच्या गावाला गेलो होतो. नकाशात ज्याला सेव्हिल म्हणतात त्याला तिथली माणसं 'सेविया' म्हणतात, आणि मीही आता ऐटीत तसंच म्हणते, त्याचा हा परिणाम.

पण खरं उत्तर वेगळं आहे. मी तिथं माझ्या नवऱ्याला चारचौघांत जेवताना पाहिलं.

आमचे हे, म्हणजे अंकुशराव, फर्दापूरजवळच्या एका खेड्यातले. घरात मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. वडील जन्मभर कळपामागं हिंडले. हे शिकले, सरकारी नोकरीला लागले आणि माझ्याशी लग्न करून शहरात राहिले. खाण्याची मात्र रानातली सवय गेली नाही. भाकरी चुरून, कांदा बुक्कीनं फोडून, शेजारच्याला बोलावून जेवणारा माणूस. मागच्या वर्षी यांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, तिच्यासोबत पोटाचा मोठा भागही गेला. डॉक्टर म्हणाले, "आता काळजी नाही. एका वेळी थोडंसंच खायचं, पण दिवसभर अधूनमधून खात राहायचं."

ऐकायला सोपं वाटलं. पण आपल्याकडं थोडं खाणाऱ्याला लोक सुखानं खाऊ देत नाहीत. पुतण्याच्या लग्नात पंगतीत यांच्या पानात जिलबी पडत राहिली. "अण्णा, माझ्यासाठी एक," "अण्णा, मग मी परकीच का?" यांना नाही म्हणता येईना. शेवटी मांडवामागं जाऊन सगळं उलटलं, आणि ते पाहणाऱ्या चार जणांनी त्याची बातमी चाळीस जणांना दिली. त्या दिवसापासून यांनी लोकांसमोर जेवणं सोडलं. घरीसुद्धा ताट घेऊन आतल्या खोलीत जायचे. मी स्वयंपाकघरात, हे तिकडं. वजन उतरत चाललं होतं.

आमची मुलगी मीरा सेवियात ऑलिव्हच्या झाडांवरच्या रोगाचा अभ्यास करते. फोनवर तिनं हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आई, बाबांना घेऊन इकडं ये. वाद घालू नकोस."

सेविया

मी शाळेत भूगोल शिकवायचे. स्पेनचा नकाशा ताणून वाळत घातलेल्या बैलाच्या कातड्यासारखा दिसतो, असं मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले. त्या कातड्यावर आपण एक दिवस चप्पल घालून चालू, असं वाटलं नव्हतं. मे महिना होता. रस्त्यांवर जांभळ्या फुलांचा सडा, बाल्कन्यांत कुंड्या, आणि सगळीकडे लोक "किती उकडतंय" म्हणत पंख्यानं वारा घेत होते. आम्ही दोघं मेमधला मराठवाडा सोडून आलेलो. आम्हाला ते माघातलं ऊन वाटलं.

पहिल्या दिवशी मी मीराच्या घरी मऊ भात केला. सोबत मेतकूट नेलं होतं. हे ताट घेऊन सवयीप्रमाणे आत निघाले, पण मीराच्या घराला आतली खोली नव्हती. एक खोली, एक मोरी, एक गॅलरी. हे ताट घेऊन गॅलरीत गेले. समोरच्या गॅलरीतली आजी यांना पाहून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली गं?" यांनी विचारलं.

"चांगलं जेवा, म्हणाली," मीरानं सांगितलं. यांनी घाईघाईनं दोन घास घेतले आणि ताट आत आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीरा आम्हाला नदीपलीकडच्या त्रियाना नावाच्या वस्तीत घेऊन गेली. जुनी कुंभारवस्ती. घरांच्या भिंतींना रंगीत फरशा. तिथं एका कोपऱ्यावर लोली नावाच्या बाईंचा लहानसा बार आहे. बार म्हटल्यावर माझ्या मनात अंधार, पडदे आणि बाहेर उभ्या मोटरसायकली आल्या. आत पाहते तर उजेड, आजोबा, लेकुरवाळ्या बाया, बाबागाडीत झोपलेलं बाळ. छताला टांगलेल्या डुकराच्या मांड्या पाहून मी नजर खाली घेतली, तर खाली जमिनीवर कागदी रुमालांचा कचरा. मीरा म्हणाली, "तोंड पुसायचं आणि टाकायचं. ज्या दुकानात जास्त कागद पडलेले, तिथलं खाणं चांगलं समजायचं." माझ्यातली शिक्षिका त्या क्षणी वर्ग झाडायला घेणार होती.

"मी नुसता बसतो," हे म्हणाले.

पण बसायला कुणी खुर्चीच ठेवली नव्हती. सगळे उभे. लांब लाकडी फळीवर कोपर टेकायचं आणि बोलायचं. लोली साठीच्या आसपासची, ठेंगणी, कानात मोठ्या बाळ्या. तिनं यांच्याकडं पाहून विचारलं, "काय देऊ, मि आर्मा?"

"मि आर्मा म्हणजे?"

"माझ्या जिवा," मीरा म्हणाली. "इथं सगळ्यांनाच म्हणतात बाबा, लाजू नका."

हे लाजलेच. लोलीनं पाणी, आम्हाला द्राक्षाचा थंड रस आणि मध्ये एक बशी ठेवली. बशी म्हणजे आपली चहाचीच. तिच्यात पालक आणि हरभरा, वर जिऱ्याचा वास, बाजूला तळलेल्या पावाचा तुकडा. एवढंच. तिघांत एक बशी. याला तापा म्हणतात. तापा म्हणजे झाकण. पूर्वी पेल्यात माशी पडू नये म्हणून वर पावाचा तुकडा ठेवायचे, मग त्या पावावर काहीतरी ठेवायला लागले, आणि हळूहळू झाकणच जेवण झालं, असं मीरानं सांगितलं.

हे म्हणाले, "आपल्याकडं झाकण काढून खातात. इथं झाकणच खातेत व्हय?"

जिऱ्याच्या वासानं असेल, यांनी काटा उचलला. एक घास खाल्ला. मग दुसरा. मग काटा खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी ओळखलं, हे आता कुणीतरी "घ्या ना आणखी" म्हणण्याची वाट बघतायत, आणि त्याला उत्तर म्हणून चेहरा तयार करतायत. लोली दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली होती. मीरा मला तिच्या प्रयोगशाळेतला एक किस्सा सांगत होती. बोलता बोलता मी आणि तिनं पालक संपवला, पावानं बशी पुसून घेतली.

हे बशीकडं बघत राहिले.

"संपलं व्हय?" एवढ्या दुखावलेल्या आवाजात, की मला हसू आवरेना.

"तुम्ही काटा ठेवला ना, अहो."

"ठेवला म्हणून काय झालं? विचारायचं तरी!"

वर्षभरात हा माणूस पहिल्यांदा अन्नासाठी भांडत होता. मी मीराचा हात फळीखाली दाबला. मीरानं लगेच आणखी काही मागवलं नाही, हे तिचं शहाणपण. आम्ही पाणी प्यालो, बाहेर पडलो, उन्हातून दोन गल्ल्या चाललो आणि दुसऱ्या बारमध्ये शिरलो.

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी काहीतरी पाहायचं, दुपारी एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जायचं. इथं बटाट्याच्या आम्लेटची फोड, तिथं टोमॅटो आणि पाव वाटून केलेलं गार, दाट सार, पुढं व्हिनेगरमध्ये मुरवून तळलेला मासा. एके ठिकाणी दोन घास, मग चालणं, गप्पा, पुन्हा दोन घास. डॉक्टरांनी यांना घालून दिलेलं पथ्य हे अख्खं शहर हौसेनं पाळत होतं. कुणाच्या पुढ्यात भरलेलं ताट नाही, त्यामुळं कुणी किती टाकलं हे दिसायची सोय नाही. वाढणारं कुणी नाही, त्यामुळं कुणाचं मन मोडत नाही.

फजिती झाली ती माझी. जागोजागी दारावर एक हातानं रंगवलेली पाटी दिसायची. मीरा कामाला गेली होती, तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासानं एका बारमध्ये जाऊन त्या पाटीकडं बोट दाखवलं. वाटलं, एवढी जाहिरात आहे तर गोड काहीतरी असेल. समोर आला पेला. पेल्यात मसाल्याचं गरम पाणी आणि त्यात शिंगांसकट गोगलगायी. मी एक पाऊल मागं सरकले ती मागच्या काकांच्या पायावर.

हे वाकून पेल्यात बघत होते. "खेकड्यापरीस लई गरीब हाय बिचारं," असं म्हणून यांनी दातकोरण्यानं एक बाहेर ओढली आणि तोंडात टाकली. मागचे काका, ज्यांचा पाय मी तुडवला होता, त्यांनी टाळ्या वाजवल्या. हे हसले. नुसते ओठ नाही, खांदे हलवून हसले. मी ते पाणी तेवढं चमचाभर प्याले. पुदिन्याचा वास होता. बरं होतं, पण मी आत राहणाऱ्याचा विचार मनातून काढू शकले नाही.

काडिझ

मग आम्ही समुद्राकाठच्या काडिझला गेलो, आणि तिथं आमची गाडी घसरली.

काडिझ म्हणजे समुद्रात शिरलेली जमिनीची जीभ. वारा असा की बोललेलं वाक्य शेजारच्या माणसाला ऐकू येतं, नवऱ्याला नाही. तिथल्या बाजाराशेजारी एक बाई कढईत काहीतरी सोडत होती. पातळ पीठ, त्यात बारीक जिवंत दिसणारी कोळंबी आणि कांद्याची पात. तेलात पडलं की जाळीदार, कुरकुरीत पापडी. मी एक तुकडा खाल्ला आणि ओरडलेच, "अहो, यात बेसन आहे!"

खरंच होतं. हरभऱ्याचं पीठ. घरापासून इतक्या दूर समुद्राच्या वाऱ्यात उभं राहून आम्ही आपलीच भजी खात होतो, फक्त जरा शिकून आलेली. यांना आनंद झाला आणि आनंदात भान सुटलं. एक, दुसरी, तिसरी. वर कुणीतरी दिलेला गोड सरबताचा पेला. मी बघत होते. "बास करा" हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. पण इतक्या महिन्यांनी माणूस खातोय, त्याला आपण कसं थांबवायचं, म्हणून गप्प राहिले.

थोड्या वेळानं समुद्राच्या कठड्यापाशी यांना दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली, चेहरा पांढरा. बाकावर बसवलं. मीरानं डोकं मांडीवर घेतलं, मी पदरानं वारा घालत राहिले. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, भरभर आणि तेलकट-गोड खाल्लं की असं होईल, पडून राहिलं की उतरेल. उतरलंही. पण डोळे उघडल्यावर हे म्हणाले, "झालं. फिरून तेच."

आम्ही परतीची गाडी धरली. संध्याकाळी हे भाताची वाटी घेऊन गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी यायला नकार दिला. "तुम्ही जा दोघी. माझ्यापायी तुमची मजा खराब नको." मी आणि मीरा लोलीकडं गेलो. जेवायची इच्छा नव्हती, घरात बसवत नव्हतं एवढंच. लोलीनं लगेच विचारलं, साहेब कुठं? मीरानं सगळं सांगितलं. ऑपरेशन, गाठ, काडिझ, घाम. मला वाटलं, आता ही चुकचुकेल. आमच्याकडं यांना भेटायला येणारे गेले वर्षभर चुकचुकतच होते.

लोली पेले पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "तीन? भर उन्हात? वर सरबत?" आणि हसत सुटली. "अगं, मीसुद्धा आडवी झाले असते. काडिझची माणसं मुद्दाम करतात हे, सेवियाचं माणूस दिसलं की." मग तिनं शेजारी उभ्या असलेल्या दोघांना ते सांगितलं. एकानं आपण कोणत्या जत्रेत काय खाऊन कुठं पडलो होतो ते सांगितलं, दुसऱ्यानं त्याच्यावर ताण केली.

घरी आल्यावर मीरानं ते सगळं बाबांना जसंच्या तसं सांगितलं, लोलीच्या हातवाऱ्यांसकट.

हे ऐकत होते. मग हळूच विचारलं, "आजाराचं काय म्हनली?"

"काहीच नाही."

"कायच नाय?"

"हावरटपणा केला म्हणाली, बाबा."

यांनी वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "खरं हाय तिचं. हावरटपनाच केला." आणि उठून दाढी करायला गेले.

डोंगरातलं गाव

शेवटच्या रविवारी मीरानं गाडी काढली आणि आम्हाला ग्रासालेमा नावाच्या डोंगरातल्या गावी नेलं. पांढरी घरं, वर करडे कडे, कड्यांवर घिरट्या घालणारी गिधाडं. आमच्या सातमाळ्याच्या डोंगररांगेला कुणी चुना लावून ठेवावा, तसं. वाटेत शेळ्यांचा कळप आडवा आला आणि हे गाडी थांबण्याआधीच खाली उतरले.

कळपामागं एक म्हातारबाबा होते, पाको नावाचे. डोक्याला टोपी, काखेत काठी. एक शेळी मागं रेंगाळत होती. यांनी जीभ टाळूला लावून टकटक आवाज केला आणि लांब "हुर्रर्र" अशी हाळी दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शेळीनं मान वळवून पाहिलं आणि जागची हलली नाही. पाकोबाबा काठीवर रेलून हसले. मग त्यांनी आपली हाळी दिली, घशातून, शेवटाला वर चढणारी. शेळी उड्या मारत गेली.

"तिला मराठी येत नाय," हे मला म्हणाले.

पाकोबाबांनी कळप वाड्यात घातला आणि आम्हाला चौकातल्या बारमध्ये ओढून नेलं. त्यांच्याच शेळ्यांच्या दुधाचं चीज आलं. पिवळसर, कडेला कोंड्याचा थर, चवीला आधी खारट आणि मग मागून रानाचा वास. यांनी डोळे मिटून एक तुकडा खाल्ला. दोघं बोलत राहिले. मीरा थोडा वेळ दुभाषी होती, मग तिची गरज उरली नाही. लांडगा पूर्वी कसा यायचा हे पाकोबाबांनी हातानं दाखवलं, आमच्याकडं कसा यायचा हे यांनी दाखवलं. व्यायला अडलेली शेळी कशी सोडवायची, तेही झालं. बारमधल्या चार-दोन बायकांनी माना फिरवल्या.

आणि मग पाकोबाबांनी चाकूच्या टोकावर चीजचा जाड तुकडा घेतला आणि यांच्यापुढं धरला. "खा!" यांनी घेतला, खाल्ला. पुन्हा दुसरा. "खा, गड्या, खा!" म्हणजे आग्रह इथंही आहे तर! शहरात लपला होता, डोंगरात भेटला. तोच हट्ट, तीच माया, तोच पुढं आलेला हात. मी मीराकडं पाहिलं, तीही चाकूकडंच बघत होती.

यांनी तुकड्याकडं पाहिलं. पाकोबाबांकडं पाहिलं. मग आपला सदरा वर केला आणि पोटावरची उभी खूण भर बारमध्ये दाखवली. बोटानं तिच्यावरून रेघ ओढली, मूठ आवळून "एवढंच उरलंय" असं दाखवलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "पाव्हनं, लई ग्वाड हाय. पन आता नाय."

पाकोबाबांनी खूण निरखून पाहिली. मग आपली विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि नडगीवरचा एक जुना वाकडा व्रण दाखवला. कड्यावरून पडले होते. दोघांनी एकमेकांचे व्रण नीट बघून घेतले. मग पाकोबाबांनी तो चीजचा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि गोष्ट पुढं चालू केली.

उस्मानपुरा

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात यांनी फर्मान काढलं: शनिवारी संध्याकाळी चार माणसं बोलवायची, आणि स्वयंपाक मी करणार. लग्नानंतर यांनी गॅस पेटवला होता तो फक्त चहासाठी. बेसन, तांदळाचं पीठ, कांद्याची पात. कोळंबी कुठून आणणार, म्हणून मेथी. पहिल्या तीन पापड्या कढईला चिकटल्या, चौथी फाटली, पाचवीला जाळी पडली तेव्हा स्वयंपाकघरातून असा आवाज आला की नंदाताई वेळेआधीच आल्या.

अंगणात टेबल मांडलं, खुर्च्या मुद्दाम आत ठेवल्या. "जेवायला बोलावलंत आणि ताटं कुठायत?" नंदाताईंनी विचारलं. हे म्हणाले, "ताई, आज बशीवर भागवा."

छावणी भागातून सलीमभाई आले, यांच्या नोकरीतले जुने दोस्त. आजारपणात दर आठवड्याला यायचे. दारातूनच आवाज बारीक करायचे, यांचा हात हातात घ्यायचे, "तब्येत कैसी है भाई, सँभल के रहो" म्हणायचे आणि चहा अर्धा टाकून जायचे. मीही त्यांना दारापर्यंत सोडताना तसंच बारीक आवाजात बोलायचे. ते आता टेबलाशी कोपर टेकून उभे राहिले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. यांनी त्यांच्यापुढं बशी सरकवली, एक पापडी स्वतः मोडून खाल्ली आणि उरलेल्या अर्ध्याकडं बघतही बसले नाहीत. डोंगरातल्या शेळ्यांचं सांगायला लागले.

सलीमभाईंनी पापडी खाल्ली. पुन्हा एक घेतली, सावकाश चावली. कपाळाला आठी पडली. मला वाटलं, आता तब्येतीचं विचारतील.

"अंकुशभाई," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "नमक कम है. बहुत कम है."

नंदाताईंनी हळूच यांच्याकडं पाहिलं. मग हे असे हसले की टेबल हललं. मी मीठ आणायला वळले, तर यांनी मला हातानं अडवलं.

"तू थांब," हे म्हणाले. "माझ्या हातचं हाय, मीच आनतो."